नमनाचे तेल दिवटीत जळत होते

‘नमनाला घडाभर तेल’ या वाक्प्रचाराचा ‘खरा अर्थ’ सांगणारा एक मजकूर गेले काही महिने गोव्यातल्या मराठी मंडळींच्या फोनवर फिरतो आहे. शिक्षकांच्या गटात तो आला, नाटकवाल्यांच्या गटात आला, देवस्थानच्या महाजनांच्या गटातही कुणीतरी ‘जरूर वाचा’ म्हणून टाकला. खाली नाव कुणाचेच नाही. मजकुराचे म्हणणे थोडक्यात सांगतो. हा वाक्प्रचार मुळात मराठी नाही. हिंदीतल्या ‘न नौ मन तेल होगा, न राधा नाचेगी’ या म्हणीतले ‘नौ मन’ कुणीतरी ‘नमन’ असे ऐकले आणि तेच रुळले. लगेच पुढे दुसरे म्हणणे : नमन म्हणजे देवाला नमस्कार, तेल म्हणजे शनिवारी मारुतीला घालतात ते, आणि हा वाक्प्रचार भाविकांची टिंगल करायला रचलेला, म्हणून तो तोंडात येऊ देऊ नये. तिसरे, ‘घडा’ हा शब्दच चुकीचा. मूळ शब्द ‘धडा’, म्हणजे शिकवण. चौथे, नाटकातल्या उजेडाशी याचा संबंध जोडणे ही पुस्तकी कल्पना. मराठी नाटक 1843 साली जन्मले, गोव्यात तर त्याहून उशिरा पोहोचले, आणि एका प्रार्थनेत घडाभर तेल जळूच शकत नाही. शेवटी ‘खरा अर्थ’ : शुभकार्याची सुरुवात सढळ हाताने करावी.

पहिले म्हणणे खरे असेल तर दुसरे खोटे ठरते. ऐकण्याच्या चुकीतून जन्मलेला शब्द कुणी टिंगलीसाठी मुद्दाम रचला असे होत नाही. एवढ्यावर हा मजकूर बाजूला ठेवता आला असता. पण एका शाळेत मुलांना ‘हा वाक्प्रचार निबंधात लिहू नका, तो देवाची चेष्टा करणारा आहे’ असे सांगितले गेल्याचे कानावर आले, आणि मग गप्प बसवेना. ज्या मुलुखात आजही रात्रभर नमन म्हटले जाते, त्या मुलुखातल्या मुलांना नमन म्हणजे काय ते चुकीचे शिकवले जात असेल तर उत्तर द्यायला हवे.

हिंदी म्हण आधी घेऊ. राधेला नाच म्हटले तर तिची अट नऊ मण तेलाची, म्हणजे तेवढ्या तेलाच्या दिव्यांच्या लखलखाटाची. मण म्हणजे चाळीस शेर; नऊ मणांचे 360 शेर झाले. एवढे तेल जमणार नाही आणि राधा नाचणार नाही. अशक्य अट घालून काम टाळणाऱ्याला ही म्हण लावतात. आपल्या वाक्प्रचारात यातले काही नाही. इथे तेल जमलेले आहे, दिवटी पेटलेली आहे, खेळही सुरू झालेला आहे. तक्रार इतकीच की कथा अजून दूर आहे आणि तेल मात्र संपत चालले आहे. एका म्हणीत सुरुवातच होत नाही, दुसऱ्यात सुरुवात सरत नाही. इतक्या उलट अर्थाच्या दोन बोलण्यांपैकी एक दुसऱ्याचे बिघडलेले रूप कसे ठरेल?

शिवाय ‘नऊ मणाला घडाभर तेल’ असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. नऊ मण कशाला, आणि त्या नऊ मणाला वर आणखी घडाभर तेल कशासाठी? वाक्याला अर्थच उरत नाही. मण हा तर बाजारातला रोजचा शब्द होता. भात मणाने मोजत, गूळ मणाने तोलत. असा नित्याचा शब्द मराठी माणसाला ऐकू येऊ नये आणि त्याच्या जागी त्याने ‘नमन’ बसवावे, हे पटण्यासारखे नाही. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट मात्र खरोखर समान आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या नेमकी तीच हातून निसटली : दोन्हीकडचे तेल उजेडासाठी आहे. उत्तरेत काय आणि इकडे काय, रात्रीचा खेळ तेलावर चालायचा.

आता नमन. सगळा घोळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

नमन म्हणजे वाकून केलेला नमस्कार हा अर्थ बरोबरच आहे, पण खेळाच्या भाषेत नमन हा एका ठरलेल्या भागाचा शब्द आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग. तसे इकडच्या खेळांत आधी नमन आणि मग पुढचे सारे. शिगम्यात गावची माणसे मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या जागी जमली, ढोल, ताशा, कासाळे लागले की पहिल्यांदा नमन होते. त्याशिवाय मेळ मांडावरून हलत नाही. जागोरात नमन, सत्तरीतल्या रणमाल्यात नमन, बायका पौषात धालो खेळतात त्यातही आधी धरतरीला आणि गावच्या देवांना हाक. या कोणत्याही ठिकाणी ‘नमन झाले का?’ असे विचारले तर ‘हात जोडले का?’ असा अर्थ कुणी घेणार नाही. ‘तो भाग आटोपला का?’ असाच घेईल.

ग्रंथांतही हीच रीत. ज्ञानेश्वरी सुरू होते तीच ‘ॐ नमोजी आद्या’ या शब्दांनी. आणि गोव्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. इंग्लंडातून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने 1616 साली ख्रिस्तपुराण छापून काढले, ते मराठी ओवीत, आणि त्या ओव्यांची सुरुवात ‘वो नमो’ अशी केली. देव त्याचा वेगळा, धर्म वेगळा, पण इथल्या लोकांना कथा सांगायची तर आधी नमन पाहिजे हे त्याला ठाऊक होते. नमन ही कथा सांगण्याच्या शास्त्रातली पायरी होती आणि परक्या माणसालाही ती ओळखू आली.

दशावतारात ही पायरी सगळ्यांत मोठी आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडे सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यात ज्यांनी जत्रेचा दहीकाला पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. मुख्य कथा म्हणजे आख्यान. त्याच्या आधी जो भाग होतो तो आड दशावतार. नाईक, म्हणजे खेळाचा सूत्रधार येतो, मृदंग आणि झांजेवर नमन धरतो, गणपती येतो, सोबत ऋद्धिसिद्धी, मग सरस्वती, भटजी, मग काळा बुरखा घालून संकासूर. संकासूर वेद चोरतो, प्रश्नांना वाकडी उत्तरे देतो, लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. इतके झाल्यावर आख्यानातला पहिला राजा येऊन बाकावर बसतो. पहाटे दहीहंडी फुटते तेव्हा खेळ संपतो. म्हणजे नमन आणि त्याला जोडून येणारा हा पूर्वभाग म्हणजे रात्रीचा केवढा तरी तुकडा.

ही रात्र उजळायची कशाने? गोव्याच्या बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली ती 1961 च्या मुक्तीनंतर. त्याआधी जत्रेत ग्यासबत्ती असायची, रॉकेलवर चालणारी, सूं सूं आवाज करणारी. ग्यासबत्तीच्याही आधी दिवट्या आणि मशाली. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या दांड्याला चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, त्या तेलात बुडवून पेटवायच्या, आणि उजेड मंदावला की वरून तेल ओतायचे. खंडोबाच्या भक्ताकडे दिवटीबरोबर बुधली असते ती याचसाठी : एका हातात आग, दुसऱ्या हातात तिला पाजायचे तेल. समईतली वात थोड्या तेलावर तासन् तास शांत जळते. दिवटीचे तसे नाही. उघड्यावर, वाऱ्यात, उभ्या माणसाच्या तोंडावर उजेड पडेल एवढी ज्वाळा ठेवायची तर ती तेल पितच राहते. मजकुरात ‘एका प्रार्थनेत घडाभर तेल जळूच शकत नाही’ असे जे ठामपणे म्हटले आहे, ते समईकडे बघून म्हटले आहे. रंगणाच्या दोन्ही बाजूंना दिवट्या, वाजवणाऱ्यांजवळ एक, रंग लावणाऱ्यांजवळ एक, आणि नमन संपायचे नाव नाही, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की घडा काही फार मोठा वाटत नाही. थोडी अतिशयोक्ती असेलही; वाक्प्रचारात ती असतेच. पण ती खऱ्या हिशेबावर उभी आहे.

हे तेल फुकटचे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. खोबरेल स्वयंपाकाचे आणि डोक्याचे. जाळायला किनाऱ्याकडे उंडीचे, रानाकडे करंजाचे, म्हणजे कडू तेल. बिया वेचायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, घाण्यावर न्यायच्या. देवळांच्या जमाखर्चात दिवाबत्ती हे खर्चाचे स्वतंत्र कलम असे, तिच्यासाठी जमिनी नेमून दिलेल्या असत. जत्रेच्या रात्री किती तेल काढले आणि त्यातले किती उरले, हे बघणारा कुणीतरी गावात असायचाच. ‘नमनाला घडाभर तेल’ हे शब्द मला त्या माणसाच्या तोंडचे वाटतात. तो देवळातलाच माणूस. देवावर त्याची श्रद्धा आहे, म्हणून तर तो तेल राखतो आहे. त्याला काळजी इतकीच की आख्यान रंगात येईल तेव्हा दिवटी विझू नये.

आणि म्हणून ‘भाविकांची टिंगल’ हा आरोप मला मनापासून लागला. मारुतीला घालायच्या तेलाचा इथे काहीच संबंध नाही. मूर्तीवर तेल घालतात त्याला आपण ‘तेल वाहणे’, ‘तेल घालणे’ म्हणतो; तिथे नमन हा वेगळा खर्च नसतोच, की ज्याची तुलना पुढच्या कशाशी तरी करावी. वाक्प्रचाराचा सारा जीव तुलनेत आहे. सुरुवातीला एवढे, तर पुढच्याला किती? मारुतीच्या देवळात हे ‘पुढचे’ कुठून आणणार? ‘पुढचे’ असते ते खेळात. म्हणूनच पुष्कळजण ‘नमनालाच’ असा ‘च’ जोडून बोलतात. त्या एका अक्षरात आख्यानाची वाट बघणारा प्रेक्षक बसलेला आहे.

‘धडा’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. घ आणि ध ही अक्षरे हाताने लिहिताना आणि जुन्या छापात सहज एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे ‘धडाभर तेल’ असे लिहिलेलेही आढळते आणि तसे म्हणणारी माणसेही आहेत. त्यात वावगे काही नाही. पण तो धडा शाळेतला धडा नाही. तराजूचा धडा आहे. तेल, तूप, काकवी अशा पातळ वस्तू तोलताना आधी रिकाम्या भांड्याचे वजन दुसऱ्या पारड्यात दगड-खडे टाकून जुळवून घेतात, त्याला धडा करणे म्हणतात. धडी हे वजनही शेरांच्या मोजणीतलेच. म्हणजे घडा घ्या की धडा घ्या, आपण तेल्याच्या दुकानातच उभे आहोत. ‘शिकवणीभर तेल’ असे कुठल्याही मराठी माणसाने कधी म्हटलेले नाही. मी स्वतः घडाच म्हणतो, कारण कानावर तोच पडला आहे आणि तो डोळ्यांना दिसतो.

चौथ्या मुद्द्यात एक तारीख खरी आहे आणि तिच्यावर बांधलेले अनुमान खोटे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तिथून मराठी नाटकाचा इतिहास मोजतात, हे बरोबर. पण भाव्यांच्या खेळाची सुरुवात कशी व्हायची ते पाहा : सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, आणि त्यानंतर आख्यान. दशावताराच्या रात्रीशी हा क्रम किती जुळतो! भाव्यांनी कानडी भागवत मंडळींचे खेळ पाहून आपला खेळ बसवला. म्हणजे आधी नमन, मग देवतांचा प्रवेश, मग कथा हा साचा 1843 च्या पुष्कळ आधीपासून या किनाऱ्यावर आणि घाटाखाली-घाटावर चालत आलेला होता. भाव्यांनी तो राजदरबारात नेला.

याहून जुना पुरावा रामदासांचा. समर्थांनी दासबोधात ‘खेळता नेटके दशावतारी’ असे म्हणून पुढे सांगितले आहे की तिथे सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण त्या असतात सगळे पुरुषच. रामदासांचा काळ 1608 ते 1681. म्हणजे 1843 च्या आधी दीडशेहून अधिक वर्षे हे खेळ इतके माहीत होते की उपदेश करताना त्यांचा दाखला देता यावा. वाक्प्रचार जन्मायला नाटक कंपन्यांची आणि तिकिटांची गरज नव्हती. रात्र, दिवटी, नमन आणि जमलेली माणसे एवढे पुरेसे होते, आणि ते सारे होते.

‘गोव्यात तर उशिरा आले’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकले. गोव्याचा इतिहास एका तारखेने मोजता येत नाही. तिसवाडी 1510 साली पोर्तुगिजांच्या हाती गेली, बारदेश आणि साष्टी 1543 मध्ये. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय आले. या भागात, म्हणजे जुन्या काबिजादीत, चालीरीतींवर किती बंधने आली ते इन्क्विझिशनच्या 1736 च्या हुकूमनाम्यावरून दिसते. लग्नातली गाणी, घरातले विधी, कपड्यांच्या पद्धती, काहीच त्यातून सुटले नाही. पण जे आधीपासून चालू असते त्यालाच मनाई करावी लागते, एवढे तरी त्या हुकूमनाम्यातून कळते. फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे मुलूख पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर 1788 साली. तोवर धर्मसत्तेचा जुना जोर ओसरला होता आणि या नव्या काबिजादीत लोकांच्या धर्मरिवाजांना हात लावायचा नाही असे धोरण होते. म्हणून आज दशावतार पेडण्यात आणि डिचोलीत दिसतो, रणमाले सत्तरीत झर्मे, करंझोळसारख्या गावांत दिसते, पेरणी समाजाचा मुखवट्यांचा जागोर आतल्या तालुक्यांत दिसतो. नाटक कंपनीची वाट बघत बसलेली ही गावे नव्हती.

आणि जुन्या काबिजादीतही सारे पुसले गेले नाही. बारदेशातल्या शिवोलीचा जागोर बघावा. नाताळानंतर तो होतो, आणि हिंदू-ख्रिस्ती दोघे मिळून करतात. जागोर म्हणजे जागर, रात्र जागवायची. ज्या मुलखात रात्र जागवणे हाच देवाचा नवस असतो, तिथे तेल किती लागेल हा प्रश्न पडणारच.

आता उरला ‘खरा अर्थ’. शुभकार्याची सुरुवात सढळ हाताने करावी हा विचार वाईट नाही, पण तो या वाक्प्रचाराचा अर्थ नाही. मराठीत ज्याने ज्याने हे शब्द वापरले त्याने कंटाळून वापरले. मुख्य मुद्द्याला यायचे सोडून माणूस प्रस्तावनाच लांबवतो आहे, किंवा कामाच्या पहिल्या पायरीवरच पैसा आणि वेळ संपतो आहे, तिथेच तो शोभतो. रस्ता करायचा आहे आणि निम्मा निधी भूमिपूजनाच्या मांडवावर गेला, तर नमनाला घडाभर तेल. लग्नपत्रिकेत किंवा उद्घाटनाच्या निमंत्रणात ‘आपल्या उपस्थितीत नमनाला घडाभर तेल घालून’ असे छापणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला ‘आम्ही तुम्हाला ताटकळत ठेवणार आहोत’ असे सांगणे. या मजकुरावर विसंबून कुणी तसे छापू नये म्हणून हे स्पष्ट लिहितो.

मात्र इथे एक गोष्ट मजकुराच्या विरोधकांनाही सांगायला हवी. काहीजण उत्तर देताना दुसऱ्या टोकाला गेले आहेत : जुने लोक वेळकाढू होते, नमन म्हणजे निव्वळ वेळ दवडणे, असे त्यांनी लिहिले. तेही खरे नाही. नमन लांब असण्याला कारणे होती. गावाचे वाडे एकमेकांपासून दूर, डोंगराच्या आडोशाला, शेताच्या पलीकडे. घड्याळ कुणाकडे नाही. मृदंगाचा आवाज कानावर पडला की माणसे जेवणे आटोपून निघायची. नमन त्यांच्यासाठी चालायचे. तोवर इकडे मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावून सूर बसवला जातो, गाणाऱ्याचा गळा तापतो, आणि आत रंग लावायला बसलेल्या राजाची मिशी अजून काढायची असते. दशावतारात तर प्रत्येक नट स्वतःचा रंग स्वतः लावतो. नमन थांबवले तर रंगणात यायला माणूसच तयार नाही.

आणि देवांचा मान. गावच्या नमनात नावांचा क्रम ठरलेला असतो : गणपती, शारदा, मग धरतरी, मग सातेरी, रवळनाथ, भूमका, वेताळ, राष्ट्रोळी, सीमेवरचा देवचार. जिथे जे दैवत असेल तिथे ते. एकही नाव गाळून चालत नाही आणि मागेपुढे करूनही चालत नाही, कारण त्या क्रमात गावाची घडण असते. कोणता वाडा आधीचा, कोणत्या घराण्याकडे कोणत्या देवाची सेवा, गावची शीव कुठे संपते. नकाशा आणि वहिवाटीचे दस्तऐवज नसलेल्या काळात ही माहिती दरवर्षी रात्री सगळ्यांच्या समोर मोठ्याने म्हटली जात होती. म्हणणाऱ्याला म्हणूनच घाई करता येत नसे. ऐकणाऱ्या पोराटोरांना मात्र संकासूर हवा असायचा. मागच्या रांगेतून ‘आतां नमन पुरो, खेळ सुरू करात’ अशी हाक मी ऐकलेली आहे, आणि नाईकाने तिच्याकडे लक्ष न देता सातेरीचे कडवे पूर्ण केलेलेही पाहिले आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. वाक्प्रचारात मागच्या रांगेचे म्हणणे तेवढे राहिले आहे. नाईकाची बाजू त्यात नाही, ती आपणच मुलांना सांगायची असते.

आज स्पर्धेच्या रंगमंचावर शिगम्याच्या किंवा रणमाल्याच्या पथकाला मोजून मिनिटे मिळतात. पहिली कात्री नमनालाच लागते, दोन देवांची नावे घेऊन ढोल वाजू लागतो. वेळेची अडचण समजते. पण ज्यांना सगळी नावे क्रमाने येतात अशी माणसे प्रत्येक गावात आता थोडी उरली आहेत, आणि शाळांनी वाक्प्रचार फळ्यावरून पुसण्यापेक्षा मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवले तर फार बरे होईल. गावचे नमन लिहून आणा, असे सांगावे. कुठल्या देवाचे नाव कितवे येते, तो देव गावात कुठे आहे, तिथे दिवा कोण लावतो, एवढे विचारून आले तरी पुष्कळ.

आणि निबंधात वाक्प्रचार कसा वापरायचा ते मुलांनी विचारलेच तर ही दोन वाक्ये द्यावीत. ‘सहलीला निघायचे होते, पण सूचना देण्यातच सरांचा तास गेला, नमनालाच घडाभर तेल!’ हे बरोबर. ‘आजीने देवापुढे नमनाला घडाभर तेल घातले’ हे चूक. आजीने देवापुढे दिवा लावला, एवढेच लिहावे.